कल्हईवाल्यानं आधी जेवायचं

जायचं.

मुंबईला जायचं, असं गनीभाईनं सकाळी भाता फुंकताना ठरवलं आणि भट्टी धरायच्या आत ते मोडलं.

मग न जायचं ठरवलं. भाकरी खाताना तेही मोडलं.

भट्टीजवळ कोळसा होता, नवसागर होता, पिंजलेला कापूस होता. कथील नव्हतं. म्हणजे होतं, पण ते काढलं तर

वाक्य इथं तुटायचं. मुंबईहून कादर आल्यापासून रोज इथंच.

*

कथील मलायातून यायचं. मलाया कुठं आहे हे कोल्हारात कुणाला ठाऊक नव्हतं. जपान्यानं ते घेतलं आणि नगरच्या बाजारातून कथील नाहीसं झालं, तेव्हा कळलं. लढाईचं हे चौथं वर्ष. कथील नाही म्हणजे कल्हई नाही, आणि कल्हई नाही म्हणजे पितळेत आमटी कळकते, ताक हिरवं पडतं, पोटात मुरडा उठतो. लोकांनी तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर टाकली आणि कुंभाराकडून मडकी आणली. ज्यांच्याकडं जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पातेली होती ते नशीबवान. साहेबाची लढाई जर्मनशी आणि आपली आमटी जर्मनमध्ये, असं चावडीवर कुणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे. गनीभाई कल्हईवाला हसायचा नाही. त्याच्या दारात भांडं घेऊन बाई उभी राहिली, असं पावसाळ्यापासून घडलं नव्हतं.

पण एक वीट होती.

बापानं स्वस्ताईच्या काळात घेतलेली, भात्याखाली पुरून ठेवलेली कथलाची वीट. अडीनडीला असू दे, असं म्हणून बाप मेला. आता अड आली होती, नडही आली होती, आणि दोघी दोन बाजूंनी ओढत होत्या.

*

कादर म्हणाला (कादर म्हणजे चुलत भाऊ, वयानं लहान, माझगावला बोटी दुरुस्त करतात तिथं कामाला, डोक्याला तेल आणि पायात बूट घालून पौषाच्या थंडीत आलेला, आणि वीट पुरताना खड्डा खणायला हाच होता) की गनीभाई तुम्ही इथं काय करता, इथं माश्या मारायलासुद्धा माशी उरली नाही, तिथं बोटींच्या पत्र्याला डाक देणारा माणूस मिळत नाही म्हणून मुकादम रडतो आहे, मी तुमचं नाव सांगून ठेवलंय, आणि भाभीला आणि तुमच्या पोरीला, सरवरीला, मागं ठेवायची गरज नाही, खोली मिळते, फक्त पागडी लागते, आणि पागडी तुमच्या भात्याखाली आहे, मुंबईत त्या विटेला आज सोन्याचं मोल आहे, आणि मुळात तुम्ही मुंबईचेच, इथले कधी झालात, मी मंगळवारी सकाळच्या मोटारीनं परत जाणार, येता की नाही.

एवढं बोलून त्यानं चहा मागितला. चहा नव्हता.

*

मुंबई.

तांब्याच्या बाजारातली गल्ली. दिवसभर ठोकठोक. रात्री ठोकठोक थांबली की कान दुखायचे.

वरच्या गॅलरीतून आई. गनी, नळ जाईल, बादली घेऊन ये.

नळ.

मग मानमोडीच्या तापाची साथ. गल्लीत ठोकठोक बंद, दिवसासुद्धा.

आईला नेलं तेव्हा गनी दहा वर्षांचा होता. शेजारणीनं त्याचं तोंड आपल्या पदरात दाबून धरलं. बाप परत आला तो हातपाय धुऊन थेट पोराला घेऊन स्टेशनावर गेला. नगरकडच्या बेलापूरला उतरले, तिथून बैलगाडीनं कोल्हार. कुठल्या कब्रस्तानात, हे बापानं कधी सांगितलं नाही आणि गनीनं कधी विचारलं नाही. तिथं त्या दिवसांत इतकी माणसं येत होती की बापालाही नंतर जागा सापडली नसती.

लोकांना मुंबई म्हटलं की समुद्र आठवतो. गनीभाईला पदराचा वास आठवायचा, आणि श्वास अडायचा.

त्यानं कादरला चाळीबद्दल विचारलं. कादर म्हणाला, ती केव्हाच पाडली, तिथं आता गोदाम आहे.

*

बायकोचे, रजियाचे प्रश्न.

इथं काय उरलंय आपलं?

धाकटं पोरगं राहुरीच्या अलीकडं गाडीतच गेलं, तापानं. नगरचा दवाखाना गाठला नाही. मुंबईत दवाखाना किती लांब असतो?

तुमची आई गेली तिथं. माझं पोरगं गेलं हितं. मग कुठल्या गावाला भ्यायचं?

सरवरीला पुढच्या पावसाळ्यात ताप आला तर?

रजिया याच गावात जन्मली होती. मुंबई तिनं पाहिली नव्हती. तिला ती हवी होती. ज्यानं पाहिली होती तो भट्टीपुढं राख चाळत बसला होता.

*

आता तपेली.

गावाची म्हणून तीन मोठी तांब्याची तपेली होती. एकेकात माणूस बसेल एवढी. देवीच्या पौषातल्या भंडाऱ्याला त्यांत आमटी आणि लापशी शिजायची, आणि त्याआधी दरसाल गनीभाई त्यांना कल्हई करायचा. पैसे घ्यायचा नाही. त्याबदली सुगीत प्रत्येक खळ्यावर त्याचं सूपभर धान्य ठरलेलं. वर्षाची भाकरी त्यावर निघायची. बापाच्या वेळेपासून असंच.

शुक्रवारी भिमाजीदादा तपेली गाडीत घालून घेऊन आला. भिमाजी गावातला जुना माणूस, भंडाऱ्याचं सगळं त्याच्याकडं. त्यानं विचारलं, "गनी, कथील हाय ना रं? नसंल तर सांग. औंदा मंगळवारचा भंडारा मडक्यात शिजवू."

नाही म्हणायचं होतं. नाही म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. वीट घेऊन मोटारीत बसायचं.

पण कल्हईवाल्याच्या दारात तपेली उतरलेली आणि कल्हईवाला नाही म्हणतो, हे त्याच्या तोंडाला जमलं नाही. सुपातलं धान्य आठवलं, की बाप आठवला, की नुसती सवय, सांगता येणार नाही.

"हाय," तो म्हणाला.

भिमाजी गेला. कादर आतून बाहेर आला आणि कपाळावर हात मारून परत आत गेला.

वीट एक. तपेली तीन. तिन्ही तपेल्यांना वीट जेमतेम पुरेल. मग खोली नाही. खोली नाही म्हणजे रजिया नाही, सरवरी नाही. म्हणजे मुंबई नाही, किंवा एकट्याची मुंबई, म्हणजे

*

शिसं रजियानं आणलं.

छगन भोई प्रवरेत जाळं टाकायचा. जाळ्याच्या कडेला शिशाचे मणी असतात, जाळं बुडावं म्हणून. रजियानं माळ्यावरचा एक हंडा त्याला दिला आणि जुन्या जाळ्याचे सगळे मणी काढून ओच्यात घालून आणले. छगननं विचारलं, एवढ्या शिशाचं काय करता. ती म्हणाली, मुंबईला न्यायचंय. निम्मं खरं होतं.

तिनं मणी गनीभाईपुढं ओतले.

शिशात थोडं कथील घातलं की ते तांब्याला धरतं. पहिल्या दिवशी खऱ्या कल्हईहून जास्त चमकतं. भंडारा होईपर्यंत कुणाला कळणार नाही. कळेल तेव्हा घरातली तिघं मुंबईत असतील. बापानं एकदा सांगितलं होतं, असल्या तपेल्यातलं लग्नाचं जेवण जेवून एका गावची माणसं पोट धरून वळवळली होती, आणि एका बाईचं पोटातलं पोर गेलं होतं. बाप ते सांगून थुंकला होता.

गनीभाईनं जमीन उकरली, विटेचा एक कोपरा फोडला आणि वीट परत पुरली.

*

रविवार.

रजिया तपेल्यात उतरली. वाळू आणि चिंच घालून, दोन्ही पायांखाली गोणपाटाचा तुकडा धरून, आढ्याला बांधलेला दोर पकडून ती गोल फिरत होती, कमरेपासून इकडं, कमरेपासून तिकडं. कल्हईवाल्याच्या घरात हे काम बायकोचं. तांबं लाल होईपर्यंत. दरसाल ती फिरताना काहीतरी गुणगुणायची. या साली नुसती वाळू करकरत होती.

मग तपेलं भट्टीवर. भाता. नवसागराची चिमूट, पांढरा धूर, डोळ्यांत पाणी. शिसं वितळून पसरलं. गनीभाईनं कापसाच्या बोळ्यानं ते वर चढवलं, फिरवलं, कडेपर्यंत नेलं.

चमकलं.

असं चमकलं की दारावरून जाणारी बाई थांबली आणि म्हणाली, गनीभाई, लई दिसांनी हातानं काम दावलं.

तपेलं गार झाल्यावर त्यानं आत अंगठा घासला. अंगठा काळा झाला. त्यानं तो विजारीला पुसला. रजियानं पाहिलं. तिनंही आपला अंगठा घासला, काळा झालेला पाहिला, आणि पुढचं तपेलं ओढून त्यात पाय टाकला.

तिन्ही झाली.

दोघांनाही एक गोष्ट आठवत होती.

*

ती गोष्ट अशी.

नव्या कल्हईच्या तपेल्यात पहिल्यांदा देवीचं काही शिजत नाही. आदल्या दिवशी कल्हईवाल्याच्याच दारात तीन दगड मांडून त्यात चिंचेचं सार उकळायचं. आंबट, म्हणजे खोटी कल्हई लगेच सुटते. आणि ते सार आधी प्यायचं कल्हईवाल्याच्या घरातल्या सगळ्यात धाकट्या पोरानं. मोठ्या माणसानं नाही. मोठा माणूस खोटं गिळू शकतो, म्हणून.

गनीभाई स्वतः लहानपणी प्यायला होता, कोल्हारला आला त्याच साली. गावानं त्याला पहिल्यांदा काही दिलं ते हेच.

एका वाटीनं काय होतं. काही होत नाही. रजिया हे स्वतःला सांगत होती. गनीभाईही सांगत होता. एकाच चुलीपाशी बसून दोघं वेगवेगळं तेच सांगत होती.

*

सोमवारी भिमाजीदादा आला, बरोबर त्याची सून चांगुणा. चांगुणानं चूल पेटवली, पाणी, चिंच, मीठ, गुळाचा खडा. गूळ पडल्याबरोबर सरवरी आपली वाटी घेऊन येऊन उभी राहिली. तिच्या घरात बरेच दिवसांत गूळ आला नव्हता. कादर भिंतीला टेकून विडी ओढत होता आणि घाई करा अशा नजरेनं सगळ्यांकडं बघत होता.

भिमाजी म्हणाला, मागल्या सालाला धाकला प्यालता, निम्मं अंगावर सांडलं हुतं त्यानं. मग त्याला आठवलं. त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"आता हीच ना धाकली?" त्यानं हळू विचारलं.

चांगुणानं पळी भरली आणि वरून, वाटीला न लागता, सार ओतलं. वाफ निघाली. सरवरीनं फुंकर मारली. पुन्हा मारली. वाटी ओठाला लावली.

रजियानं हात मारून वाटी उडवली.

सार सरवरीच्या पायावर सांडलं आणि ती रडायला लागली, भाजलं म्हणून नव्हे, सांडलं म्हणून. चांगुणा पळी धरून तशीच. भिमाजी रजियाकडं बघत होता. रजिया कुणाकडंच बघत नव्हती. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

आता कुणीतरी बोलायला हवं होतं. कल्हई ज्याची त्यानं.

"शिसं हाय त्यात," गनीभाई म्हणाला.

*

भिमाजी ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्यानं दुसऱ्या तपेल्यात अंगठा घासला, बघितला. तिसऱ्यात घासला, बघितला. मग म्हणाला, "कथील हाय म्हनला हुतास."

"हाय."

"मग कुठं हाय?"

कादर भिंतीपासून सुटला. त्यानं मुंबईच्या हिंदीत गनीभाईला समजावलं की गप्प बसा, यांना काय कळतंय, नाही म्हणा. रजियानं पदर तोंडातून काढला आणि एवढंच म्हणाली की वीट देऊ नका. पोरीला वाचवलं मी, वीट देऊ नका. तिच्या लेखी या दोन गोष्टी एकच होत्या.

गनीभाईनं पहार घेतली.

वीट बाहेर आली तेव्हा मातीनं माखलेली होती, कोपरा फुटलेला. भिमाजीनं तिला हात लावला नाही. सार गटारीत ओतायला लावलं आणि बाहेर चिंचेखाली जाऊन बसला. कादरनं बूट चढवले आणि मोटार थांबते तिथं रस्त्यावरच्या हॉटेलात जाऊन राहिला.

रजिया तपेल्यात उतरली नाही. गनीभाई स्वतः उतरला. दोर धरला, पायाखाली गोणपाट, वाळू. त्याला ते जमत नव्हतं. तो घसरायचा, गुडघा कडेला आपटायचा, परत उभा राहायचा. शिसं खरवडून निघेपर्यंत फिरला. मग भट्टी, भाता, नवसागर. विटेचे तुकडे. एक तपेलं. दुसरं. तिसऱ्याच्या वेळी वीट नव्हती, तुकडे होते. मग तुकडेही नव्हते.

दिवस मावळला तेव्हा तीन तपेली पांढरी होती. शिशासारखी चमकत नव्हती. अंगठा स्वच्छ निघत होता. कुणी घासून बघितलं नाही.

*

कारण गावात तोवर पसरलं होतं. कल्हईवाल्यानं देवीच्या तपेल्यात विष घातलं. कुणी म्हणालं, मुंबईचा भाऊ आलाय, त्याच्या सांगण्यावरनं. कुणी त्याहून वाईट म्हणालं. त्या वर्षांत असलं बोलणं तोंडाशीच असायचं. बाया म्हणाल्या, आम्ही पोरं जेवायला पाठवायच्या नाही.

चिंचेखालून उठताना भिमाजीदादा एवढंच बोलला: "उद्या गावासमोर बसा, तिघंबी. तुमी जेवल्याबिगर कुनी घास घ्यायचा न्हाई."

गनीभाई म्हणाला, सकाळी मोटार आहे.

"जा की. कोन धरतंय? पन तू गेलास तर ही तपेली नदीत टाकायची. आन पुढं कंदी कुन्या कल्हईवाल्याच्या हातचं कुनी खानार न्हाई. बघ तुझं तू."

*

मंगळवार, सकाळ.

जायचं.

गनीभाईनं फडक्यात एक विजार आणि सांडशी बांधली आणि रस्त्यावर गेला. रजियानं त्याला जाताना पाहिलं. थांबवलं नाही, आणि जा असंही म्हणाली नाही. रात्री तिनं विचारून घेतलं होतं: एकटे गेलात तर खोली कधी होईल. त्यानं सांगितलं होतं: होईल. तिनं कूस बदलली होती.

मोटार उभी होती. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागच्या टाकीत कोळसा घालून गॅस धरेपर्यंत क्लीनर पंख्याचा दांडा फिरवत होता. कादरनं खिडकीतून हात काढला, आत खेचून घेणार असल्यासारखा. रागावला नव्हता. चांगल्या मनाचा होता कादर. म्हणाला, वीट गेली तर गेली, तुम्ही तरी चला, आमच्या खोलीत आठजण झोपतो, नववा कुशीवर झोपेल. भाभीला नंतर बघू. काम आहे. काम आहे ना, गनीभाई. इथं आता तुम्हाला कोण भांडं देणार?

कुणी देणार नव्हतं. त्यात खोटं काही नव्हतं.

आणि तिथं गोदाम होतं जिथं गॅलरी होती. आणि कुठलं तरी कब्रस्तान. आणि डाक देणाऱ्या माणसांची रांग, पगार, दवाखाना. सगळं खरं. त्यानं पायरीवर एक पाय ठेवला. पोलादाची पायरी थंड होती. तो चढला असता. तो चढला असता, पण गावाकडून धूर वर यायला लागला होता. तपेली चुलीवर चढली होती. ती उतरतील तेव्हा तीन माणसं पंगतीत बसलेली लागणार होती, आणि दोनच असली तर गाव म्हणेल, पळाला, म्हणजे आहेच काहीतरी, आणि मग त्या दोघींकडं गाव ज्या नजरेनं

"भाईजान, चढा," कादर म्हणाला.

"जेवायचंय," गनीभाई म्हणाला.

"काय?"

"जेवायचंय मला. भंडारा हाय."

कादर हसला. मोटारीतली दोन माणसं हसली. मुंबई सोडून आमटीला थांबला, असं एकजण म्हणाला. क्लीनरनं दार ओढलं आणि मोटार पुलाकडं निघाली. गनीभाईला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. वाटलं नाही. फडकं काखेत मारून तो धुराकडं चालू लागला.

*

देवळासमोरच्या पटांगणात नैवेद्य दाखवून झाला होता. गाव सगळा आला होता, पण बसला नव्हता. एका बाजूला, गावाच्या पंगतीपासून वेगळी, तीन माणसांची जागा. गनीभाई, रजिया, सरवरी. पुढं त्यांच्या घरच्या थाळ्या. चांगुणानं वरून लापशी टाकली, वरून आमटी ओतली, आणि मागं सरकली.

सरवरी जेवायला लागली. तिला भूक होती, तिनं कुणाकडं बघितलं नाही. रजियानं घास घेतला. सगळ्यांना दिसेल असा तोंडात घातला, चावला, गिळला, आणि दुसरा उचलला. गनीभाईच्या तोंडात आमटी आंबट लागली, तिखट लागली, जशी लागायची तशीच लागली. कल्हई चांगली झाली होती. आयुष्यात इतकी चांगली त्यानं केली नव्हती. आणि आता तालुक्याच्या या टोकाला कथलाचा चुरासुद्धा नव्हता.

थाळ्या रिकाम्या झाल्या. चांगुणानं विचारलं नाही, पुन्हा वाढलं. ते पुन्हा जेवले.

मग ते थांबले, आणि गाव थांबून राहिला. माणसं हात धुऊन उभी होती. पोरं आयांचे पदर ओढत होती. लापशीवर साय धरायला लागली. चिंचेचं सार प्यायल्यावर पोर हसलं की झालं, एवढं बापाच्या वेळेपासून ठरलेलं होतं. पण असं जेवल्यावर किती वेळ बघायचं, हे कुणी कधी ठरवलंच नव्हतं. भिमाजीदादालाही ठाऊक नव्हतं. तो काठीवर हनुवटी टेकून तिघांच्या तोंडाकडं बघत उभा होता. त्यालाही भूक लागली असावी.

सरवरीनं आईचा हात हलवला आणि विचारलं, झालं, उठू का.

"बस," रजिया म्हणाली. तिनं गनीभाईकडं पाहिलं, मोटार गेली होती त्या रस्त्याकडं पाहिलं नाही. "बसून राहा. आता हेच काम हाय आपलं."